नंदादीपाच्या तेलावर धारपर्यंत

मी एक जुनं जपानी इंजिन आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे किती? ज्या गाडीच्या पोटात मी बसलो आहे तिचा रंग दोनदा बदलला, दारं गंजली, सीटा फाटून पुन्हा शिवल्या, पण मी तोच. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला घडवलं. तिथले कारागीर बोलत कमी आणि मोजत फार. माझे पिस्टन त्यांनी असे बसवले की मध्ये केससुद्धा शिरणार नाही. त्या हातांची आठवण झाली की आजही मी थक्क होतो.

जहाजातून भारतात आलो आणि देवासच्या मालनताईंकडे नांदू लागलो. ताई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई ही एकच! रोज सकाळी पदर खोचून त्या माझं तेल बघत, पाणी बघत आणि मला जरा गरम होऊ देत. "माणूससुद्धा उठल्या उठल्या पळत नाही," म्हणत. लोक माझी वाहवा करत, "जपानी माल आहे, मरत नाही!" मीही हरभऱ्याच्या झाडावर चढत असे. ताईंनी काय केलं ते कोणी विचारतच नसे.

पुढे ताई निवृत्त झाल्या आणि माझी धाव कमी झाली. ताडपत्रीखाली उभा राहून मी धूळ खाल्ली, उंदरांनी माझी वायर कुरतडली. तरी नवरात्रात धारच्या पुढे असलेल्या अमझेऱ्याच्या देवीची ओटी भरायला ताई मलाच घेऊन जात.

यंदा त्यांचा मुलगा विपुल म्हणाला, "आई, बस झालं आता. गाडी की भी उमर होती है. भंगारवाल्याशी बोललोय मी."

ही गाडी गेली की कुठेही जायला ताईंना कुणाचं तरी तोंड बघावं लागणार होतं. त्या म्हणाल्या, "ओटीला जाऊन येऊ. वाटेत बंद पडली तर खुशाल दे भंगारात. नाही पडली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"हौ, चालेल!" विपुल म्हणाला.

आता ऐका गंमत. ताई सोवळ्यात नैवेद्य रांधत होत्या, माझ्या काळ्या तेलाला शिवणार कशा? म्हणून त्यांचे यजमान यशवंतराव पुढे सरसावले. "तेल मी बदलतो," म्हणाले. घरात नऊ दिवस अखंड नंदादीप तेवत होता. त्याचं तिळाचं तेल ताईंनी माझ्याच तेलाच्या रिकाम्या डब्यात, घासूनपुसून, भरून ठेवलं होतं. फळीवर दोन सारखे डबे. यशवंतरावांनी माझं जुनं तेल काढलं आणि भक्तिभावाने नेमका दिव्याचा डबा माझ्यात रिकामा केला.

पहिला घोट उतरला आणि मी चपापलो. पण सांगणार कसं? बापलेक आत बसले आणि ताईंनी किल्ली फिरवली. मी धावलो.

इंदूर मागे पडलं. विपुल नाक फेंदारून म्हणाला, "बाबा, कुठे पुऱ्या तळतायत का?" पुढच्या गावातही पुऱ्या, त्याच्या पुढच्याही गावात पुऱ्याच! मी आतून तापत होतो, घाबरलोही होतो, तरी माझा एकही ठोका चुकला नाही. कुठल्या हातांनी मला घडवलं असेल, याचं माझं मलाच नवल वाटत होतं.

धार जवळ आलं तसा घरून सुनेचा, नीतूचा फोन आला. "आई, डब्यातलं तेल घातलं, पण दिवा नुसता धूर सोडतोय हो! वासही कसातरीच येतोय."

यशवंतरावांचा चेहरा पडला. "मालन, गाडी थांबव. डबे बदलले माझ्याकडून. दिव्याचं तेल इंजिनात गेलंय."

"अहो, आता थांबलो तर हरलो! अमझेरा जवळच आहे की."

"हरलो तर हरलो. याला मारून जिंकायचं नाही."

ताईंनी नीतूला दिव्यात तूप घालायला सांगितलं आणि मला रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी उभं केलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मिस्त्रीने माझं तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि तो हसतच सुटला. "भिया, इसमें तो भजिए तल लो!" मग त्याने मला स्वच्छ करून नवं तेल पाजलं. किल्ली फिरताच मी अलगद सुरू झालो. मिस्त्रीचं हसू थांबलं आणि त्याने मला हात जोडले. विपुलने गाडीच्या पत्र्यावर तळवा ठेवला.

"देवासपासून इथपर्यंत? या तेलावर?" तो पुटपुटला.

ताईंनी किल्ली पुढे केली. "घे रे. थांबली गाडी."

"तुम्ही थांबवली आई, ती कुठे बंद पडली?" विपुलने किल्ली त्यांच्याच मुठीत मिटली. "चला, देवी वाट बघतेय."

मित्रांनो, माझ्या पोलादाचं कौतुक मी जन्मभर ऐकलं. पण हातातोंडाशी आलेला विजय एका यंत्रासाठी सोडणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच्यापुढे मला माझी टिकाऊ हाडं काहीच वाटली नाहीत. तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल. ते निमूटपणे धावत राहील, अगदी चुकीचं तेल पिऊनसुद्धा. म्हणून त्याच्याकडे लक्ष द्या. आम्हाला थांबा म्हणता येत नाही, ते तुम्हीच म्हणायचं असतं.