चौथा नंबर

सासूबाईंनी उभ्या जन्मात रांग पाळली नव्हती. दवाखान्यातसुद्धा "एकच मिनिट" म्हणत त्या थेट आत घुसायच्या. सून विमानतळावर कंट्रोलर होती. आज सासूबाईंचं विमान तिच्या रडारवर आलं, तेव्हा उतरायला तीन विमानं आधीच ताटकळत होती. तिने कसलाही मुलाहिजा न ठेवता वैमानिकाला सांगितलं, "तुमचा नंबर चौथा. तोवर वरच घिरट्या घाला."

संध्याकाळी ती ड्यूटीवरून घरी येताच सासूबाई कडाडल्या, "कुठला मेला बसला होता तिथे? वीस मिनिटं गरगर फिरवलं आम्हाला!"

"मेला नाही, मेली. मीच होते," सून चपला काढत म्हणाली.

"अगं, मग घरच्या माणसाला आधी नाही का घ्यायचं?"

"आई, पुढच्या तिन्ही विमानांत कुणाच्या ना कुणाच्या सासूबाई होत्याच की."