एकशे चाळीस सोपे संदेश

भूकंपानंतर लातुरात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या एका क्लासमध्ये अंबरीश सर कॉम्प्युटर शिकवत. कॉम्प्युटर सहा होते. त्यांतला कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासणारा खडूस कारकून, चूक दिसली की अगम्य इंग्रजीत खेकसे आणि मुलं सरांच्या तोंडाकडे बघत. एका तरी पोराने आपली चूक आपण दुरुस्त करावी, एवढ्या इच्छेपायी सरांनी दोन वर्षं खपून त्याचे सगळे संदेश सोप्या मराठीत आणले.

पहिला मान टॉपर रुद्राणीचा. पडद्यावर आलं : 'चौदाव्या ओळीत कंस उघडला आहे, तो बंद करा.'

रुद्राणीने वही काढली आणि वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

"अगं, कंस बंद कर ना!"

"आधी पाठ करते की, सर. असे एकूण किती हायत?"

"एकशे चाळीस."

"लई झाले. त्यात आयएमपी कोणते?"

मागून शरणप्पाने विचारलं, "ओळीनं विचारणार का उलटसुलट, सर?"

क्लासच्या संचालकांनी चाचणीत प्रश्नच घातला : कोणतेही पाच संदेश लिहा. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. संचालकांनी सरांना शाल पांघरवली आणि आता गरज उरली नाही म्हणून सहाही कॉम्प्युटर विकून टाकले.