झोपेतला हात

माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला असतो आणि त्याच्यावर वाटी. भूकंपानंतर लातुरात घरोघरी असं ठेवायचे. जमीन जराशी हलली की वाटी आधी पडते आणि माणसाला पळायला तेवढाच वेळ मिळतो. बाकीच्यांनी चार-दोन वर्षांत आपापले ग्लास मांडणीवर परत नेले, मी नाही नेला. माझी लेक मुग्धा यावरून चिडवते. म्हणते, आई, तुझा सेन्सर लई जुना झालाय, बदल आता. मी क्लासच्या पोरींसाठी मेस चालवते. भाजी कोणती करायची तेसुद्धा त्यांना विचारत नाही, मग माझ्या वाटीबद्दल कोणाचं का ऐकू?

तर एका दुपारी ती वाटी पडली.

मी आत कणिक मळत होते. खण्णकन आवाज आला. पुढचं मला धड आठवत नाही. पोरी सांगतात की मी ‘बाहेर व्हा’ म्हणून अशी ओरडले की वरच्या खोलीतल्यासुद्धा अनवाणी खाली धावल्या. एकीच्या हातात लाटणं होतं. समोरच्या गौसियाभाभी शिलाई मशीनवरून उठून आल्या, त्यांच्या गळ्यात टेप तसाच. बघता बघता सगळी गल्ली लिंबाखाली जमली. आम्ही उभे, आणि जमीन आपली गप्प. तारेवरचे कावळेसुद्धा उडाले नव्हते.

गौसियाभाभी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भाभी, जमीन नाही हलली. सर आतच आहेत, जरा बघा."

आत गेले. आमचे हे, रेणुकादास, टेबलाशी बसले होते. उजवा हात टेबलावर होता आणि तो थरथरत होता, त्यानं टेबल हलत होतं. वाटी फरशीवर पडलेली. मला बघून त्यांनी डाव्या हातानं उजवा दाबून धरला आणि जरा थकवा आलाय म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या एका हातानं आख्खी गल्ली बाहेर पळवली होती. लोक नंतर हसले, चार दिवस हसले. मला काही हसू आलं नाही.

यांचं नाव लातुरात गणितासाठी आहे, आणि त्यातही वर्तुळासाठी. पट्टी नाही, दोरी नाही, खडू टेकवायचा आणि एका फेऱ्यात फळ्यावर गोल काढायचा. क्लासमध्ये दर वर्षी पहिल्या दिवशी पोरं टाळ्या वाजवायची. बिलोली, देवणी, मुरुड, कुठून कुठून पोरं इथं येऊन राहतात; घरच्यांनी जीव गहाण टाकून पाठवलेली असतात. त्यामुळं सर फळ्यावर जे काढतील ते डोळे मिटून उतरवायचं, हा पोरांचा नेम.

त्याच आठवड्यात मृण्मयी नावाची बिलोलीची पोरगी जेवता जेवता दुसरीला गणित समजावून सांगत होती. ताटाशेजारी सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून तिनं टेबलावर गोल काढला. खाली उजवीकडं आल्यावर बोट उचललं, जरासा झटका दिला आणि परत टेकवलं. दुसरीनं काढला, तिनंही तिथंच झटका दिला. मी म्हटलं, हे काय करून राहिल्या तुम्ही? मृण्मयी म्हणाली, "सरांची पद्धत हाय ती, काकू. तिथं हात उचलायचा, म्हंजे गोल बिघडत न्हाई."

अहो, आख्खी बॅच तसा गोल काढत होती. माझ्या नवऱ्याचा आजार शंभरेक पोरांनी युक्ती म्हणून शिकून घेतला होता. मी भाजी वाढायचं सोडून आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. मुग्धा नांदेडहून आली. ती तिथं संशोधन करते. सुरुवात तिनं आमच्या ओळखीच्या व्यंकटरावांच्या डाळमिलपासून केली. मिलच्या मोटरीवर ती आगपेटीएवढी डबी चिकटवायची. मोटर कशी थरथरते ते डबी नोंदवायची, आणि बेअरिंग जाणार असेल तर मुग्धा आधीच सांगायची, बदला. मोटर अचानक मरत नाही, आई, ती आधी खूप दिवस सांगत असते, असं तिचं म्हणणं. नंतर ती माणसाच्या हाताकडं वळली. मेंदू हाताला हुकूम देतो, हाताकडून खबर परत येते, खबर आणि अंदाज यात फरक पडला की मेंदू दुरुस्ती करतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. बाबांच्या हाताची दुरुस्ती उशिरा होऊन राहिली, एवढंच तिनं मला समजेल असं सांगितलं आणि मग चष्मा पुसत बसली.

हात कसा हलतो ते नोंदवून तिच्याकडं नांदेडला पाठवणारा एक पट्टा तिनं यांच्या मनगटाला बांधला. यांना एकच काळजी, क्लासमध्ये कळायला नको. तिनं समजावलं की पट्ट्यातल्या चिपसारखी दुसरी चिप कोणी बनवूच शकत नाही. एका साच्यातल्या दोन चिप्ससुद्धा बारीक बारीक वेगळ्या निघतात, आणि तो फरकच आतल्या नोंदीच्या कुलपाची किल्ली. तुमच्या हाताचं काही बाहेर जाणार नाही, बाबा. मी म्हटलं, एवढं कुलूप कशाला, गल्लीला कधीच कळलंय. यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गोळ्या दोन होत्या. दिवसाची हाताच्या कंपासाठी आणि रात्रीची झोपेसाठी. कारण हे झोपेत हातपाय झाडायला लागले होते. स्वप्न पडत असताना मेंदू आपल्या अंगाला बांधून ठेवतो, म्हणून आपण पडून राहतो. या आजारात ती गाठ ढिली होते आणि माणूस स्वप्नातलं सगळं खरंच करायला जातो. हे कॉटवर काहीतरी उपसायचे, ओढायचे, फेकायचे. एकदा खाली पडले, भुवई फाटली. पुढच्या वेळी खुबा मोडला तर हे परत उभे राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. रात्रीची गोळी चुकवायची नाही.

आता अनिमेषचं सांगते. तो आमचा थोरला. मुग्धा तेव्हा मांडीवर होती आणि तापानं फणफणली होती, म्हणून मी लातुरातच राहिले. हे अनिमेषला घेऊन गणपती बुडवायला गावी गेले, किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. मिरवणूक उशिरापर्यंत चालली. हे पारावर गप्पा मारत बसले आणि पोरगं आजीजवळ आत झोपलं. दगडाच्या भिंती, वर मातीचं हातभर जाड माळवद. पहाटे सगळं खाली आलं.

मी टेम्पोत बसून पोचले तेव्हा दुपार उलटली होती. हे दगडांच्या ढिगाशी बसले होते, बोटांची सालं निघालेली. अनिमेषला चादरीत गुंडाळलं होतं. त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "झोपेतच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." त्या वाक्यावर मी आजवर जगले. माझं पोर घाबरलं नाही, त्यानं मला हाक मारली नाही, याच्यावर मी डबे भरले, मुग्धाचं लग्नाचं वय उलटू दिलं, हसले, भांडले. दुसरं काही धरायला नव्हतंच माझ्याकडं.

दोन महिन्यांनी मुग्धाचा फोन आला. पट्ट्यावरून दिसत होतं की बाबांचा हात झोपेत अजिबात शांत झालेला नाही. गोळी घेतल्यावर असं व्हायला नको होतं. हे असंच चाललं तर ते लवकरच परत पडतील, म्हणाली, आणि मोटर बंद पडायची सांगताना तिचा जसा आवाज असतो तसा काढायला गेली पण जमलं नाही तिला. मी घर धुंडाळलं. यांच्या खडूच्या डब्यात खडूंच्या खाली, पहिल्या चार-दोन सोडून, रात्रीच्या सगळ्या गोळ्या सापडल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला लुळं होऊन पडायचंय का, मी मेस बघू का तुम्हाला उचलू, लेक तिकडं जीव आटवून राहिली तिचं काही नाही का तुम्हाला? हे भिंतीकडं बघत होते. शेवटी म्हणाले, गोळी घेतली की स्वप्नं पडत नाहीत. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. त्यावर ते उठून आत जाऊन आडवे झाले. मी रागारागानं भांडी आपटली, पण मग ते परत कॉटवरून पडतील म्हणून जाऊन शेजारी बसले.

थोड्या वेळात डोळा लागला त्यांचा. झोपेत कंप थांबतो. हात शांत पडला होता, पूर्वीसारखा, तरुणपणीचा वाटावा असा. किती दिवसांनी तो हात शांत बघत होते मी. न राहवून हातात घेतला.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या बोटांनी माझी बोटं दाबली. दोनदा. आणि थांबली.

तो खेळ मला माहीत होता. अनिमेषला अंधाराची भीती. लाईट गेली की तो ओरडायचा आणि मुग्धा जागी व्हायची, म्हणून यांनी त्याला शिकवलं होतं. ओरडायचं नाही, हात दाबायचा. दोनदा म्हणजे ‘आहेस का?’ आणि एकदा म्हणजे ‘आहे’. उत्तर लगेच आलं पाहिजे, नाहीतर साहेब रुसायचे.

हात परत दोनदा दाबला गेला, परत थांबला, जसं काही खबर परत यायची वाट बघत होता. कपाळावर घाम आला होता यांच्या. डावा हात अंथरूण उपसत होता. उजवा मात्र जागचा हलत नव्हता, तो सोडायचाच नव्हता त्यांना. परत दोनदा. आणि मला कळलं. दगडांच्या फटीतून हाताला हात लागला होता. माझं पोर झोपेत गेलं नव्हतं.

मी एकदा दाबलं.

त्यांचा डावा हात थांबला. चेहरा असा सैल झाला की मला बघवेना. मग ते झोपेतच रडायला लागले आणि त्या रडण्यानंच जागे झाले. मी हात सोडला नव्हता. त्यांनी हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लपवायला काही उरलं नाही हे त्यांना कळलं.

"दुपारपर्यंत होता तो, सौदामिनी," ते म्हणाले. "कोपरापर्यंत माझा हात आत गेला होता. तो विचारायचा, मी सांगायचो आहे. मी विचारायचो, तो सांगायचा. मग एकदा मी विचारलं आणि उत्तर आलं नाही. त्याला बाहेर काढेपर्यंत मी विचारत होतो."

मी विचारलं, घाबरला होता का? ते म्हणाले, माहीत नाही, पण हात जोरात दाबत होता. मी त्यांना चार थोबाडीत द्याव्यात असं मला वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावं असंही वाटलं. इतकी वर्षं त्यांनी हे एकट्यानं गिळलं, मला एक वाक्य देऊन. ते वाक्य आता माझ्याकडं नाही.

"स्वप्नात उत्तर येतं," ते म्हणाले. "रोज नाही. कधी कधी येतं."

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला, गोळी दिलीस का म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. ती मोठी झाली आहे, तिच्यापासून काय लपवायचं? तिनं आधी बाबा कुठं झोपलेत ते विचारलं. मग म्हणाली, कॉट काढून टाक, आई. गाद्या जमिनीवर घाल, चारी बाजूंनी उशा लाव, टेबल लांब सरकव. शास्त्र गोळी द्या सांगतं, पण मी देऊ नकोस म्हणते. आणि पट्टा काढ, मला आता ते बघायचं नाही.

पट्टा काढला. जूनच्या बॅचपासून यांनी क्लास सोडला. वर्तुळ आता दुसरे सर परकारानं काढतात. मृण्मयी आणि तिच्या मैत्रिणी मात्र अजून खाली उजवीकडं हात उचलतात, मी काही सांगायला जात नाही. वाटी-ग्लास टेबलावर आहे, पण टेबल पार भिंतीशी नेलंय.

हे झोपले की मी त्यांचा उजवा हात हातात घेऊन पडते. हात दोनदा विचारतो, मी एकदा दाबते. कधी कधी तो काहीच विचारत नाही. तेव्हा मीच दोनदा दाबते आणि वाट बघते, आणि त्या झोपलेल्या हातातून एकदा उत्तर येतं.