आठ डाव आणि पुढचा एक तास

सत्त्याण्णव सामने हरलेल्या टीमचा घरचा शेवटचा सामना बघायला जाणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. मी गेलो. सीझनचं तिकीट एप्रिलमध्येच घेतलेलं होतं, ऐंशी सामने बघून झाले होते, एक्क्याऐंशीवा टाकून कुणाचं भलं होणार होतं?

यंदा आमच्या बार्जर्सनी, म्हणजे आमच्या बेसबॉल टीमने, काय दिवे लावले ते थोडक्यात सांगतो. लांबण लावली तर माझंच ब्लड प्रेशर वाढतं. मे महिन्यात सलग चौदा हरलो. जुलैत मालकांनी टीममधले दोनच बरे खेळाडू देऊन टाकले आणि पेपरात सांगितलं, आम्ही भविष्य घडवतोय. गेली अकरा वर्षं आम्ही भविष्यच घडवतोय. आमचा शॉर्टस्टॉप पहिल्या बेसकडे चेंडू फेकतो तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी आपापली डोकी सांभाळायची असतात. ऑगस्टमध्ये तर एकदा आमचे दोन भिडू धावत येऊन एकाच बेसवर उभे राहिले आणि एकमेकांकडे बघत बसले. बाद झाला तो झालाच, वर दुसरा हसत होता. त्या दिवशी मी हात टेकले.

त्याच ऑगस्टमध्ये माझी मुलगी कोरीन म्हणाली की तिला बॉइसीला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आहे. ओहायोतून बॉइसी म्हणजे तीन दिवसांचा रस्ता. माझ्या तोंडून निघून गेलं, "जा. सोडून जायचं तुझ्या रक्तातच आहे, आईकडून आलंय." तिची आई आम्हाला सोडून गेली तेव्हा कोरीन नऊ वर्षांची होती आणि खिडकीत बसून आठवडाभर वाट बघत होती. त्या पोरीला मी हे ऐकवलं. तिने पर्स उचलली आणि निघून गेली. पुढचे दीड महिने आमचे फोन हवापाण्याचे.

हा शेवटचा सामना रविवारी होता, आणि ती निघणार होती त्याच दिवशी. भाड्याचा ट्रक, संध्याकाळपर्यंत इंडियाना ओलांडायचं, म्हणून चारला निघायचं. मी म्हणालो, "सामना एक दहाला सुरू होतो. सातवा डाव झाला की उठतो. साडेतीनला तुझ्या दारात."

"चार म्हणजे चार, बाबा. सव्वाचार नाही."

"आलो म्हटलं ना."

मला तिला एकच वाक्य सांगायचं होतं: मी चुकलो. हे फोनवर सांगायची माझी तयारी नव्हती. मी काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, तिथे कुणी कुणाची माफी मागत नसे. मागायचीच तर समोर उभं राहून, खाली बघत. तसंच करायचं ठरवलं होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बावीस वर्षं अर्विन टिब्स बसतो. निवृत्त पोस्टमन, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्या दिवशी आल्या आल्या मला म्हणाला, "काय रे लायल, अंत्यविधीला मोहरी लावलेला सॉसेज खायला आलास होय?"

"तू आलास तसाच."

"मी आलोय बायको पाहुणे घेऊन बसलीय म्हणून. तुझं काय कारण?"

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता किरोझ नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा. दोन आठवड्यांपूर्वी खालच्या लीगमधून वर आणलेला, तोही नेहमीच्या पिचरचा खांदा दुखतोय म्हणून. पहिल्या डावात त्याने तीन बॅटर्सना घरी पाठवलं. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात एकाला फुकट बेस दिला आणि पुढच्या तिघांना परत पाठवलं. मी सॉसेज खाल्ला, बियर प्यायलो, मॅनेजर हॉलंबेकला दोन शिव्या हासडल्या. चौथ्या डावात आमच्या कुणीतरी चुकून एक धाव काढली. एक-शून्य.

पाचवा डाव संपला तेव्हा अर्विनने धावफलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पटकन आपल्या बुटांकडे. मीही फलक पाहिला. समोरच्या टीमच्या नावापुढे हिट्सच्या रकान्यात शून्य होतं.

आता सगळं संपलंय, म्हणून तो शब्द काढतो. नऊ डाव खेळून समोरच्याला एकही हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका, द्यायची नाही, याला नो-हिटर म्हणतात. बार्जर्सच्या वाट्याला तो माझ्या जन्मापासून आलेला नाही, आणि मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तो चालू असताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. खेळाडू घेत नाहीत, पिचरशेजारी कुणी बसतसुद्धा नाही. आणि आम्ही खुर्च्यांवरच्यांनी हलायचं नसतं. जो जिथे, जसा बसलाय, तसाच. हे खूळ आहे हे मला कळतं. पण हलावं आणि पुढच्याच चेंडूला हिट बसावी, हे ओझं घेऊन जगायची माझी तयारी नाही. माझ्या बापाने हेच शिकवलं आणि मी कोरीनला शिकवलं.

सहाव्या डावात मला लघवीला लागली. बसून राहिलो. अर्विनच्या हातात अर्धा सॉसेज होता, तो त्याने तसाच धरून ठेवला, मोहरी मनगटावरून ओघळत होती. तेवढ्यात मागच्या ओळीतला कोणी नवखा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, बायकोला मोठ्याने सांगायला लागला, "अगं बघ, यांना अजून एकही—"

"ए शहाण्या!" अर्विन मान न वळवता ओरडला. "तोंड मिट!"

"मी फक्त म्हणत होतो—"

"म्हणूच नकोस! आठवड्याभराने म्हण! मेल्यावर म्हण!"

अख्खी ओळ त्याच्याकडे वळून बघायला लागली, म्हणजे माना वळल्या, बुडं जागेवरच. तो बिचारा गप्प झाला.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उभे राहून गातात. उभं राहावं की नाही, असा पेच पडला. अर्विन पुटपुटला, "रोज राहतो ना? मग राहायचं. न राहणं म्हणजे बदल." राहिलो. गायलो. बसलो. सातवा डाव संपला, आणि मी उठायला हवं होतं.

उठलो नाही. किरोझने सातव्यातही तिघांना परत पाठवलं होतं. तीन वाजायला आले होते, आणखी दोन डाव म्हणजे फार तर पाऊण तास, कोरीनकडे पोचायला पंचवीस मिनिटं. मी मनात हिशेब मांडला: चारला पाच-दहा मिनिटं कमी-जास्त. पोरगी रागावेल, पण दहा मिनिटं थांबेल.

फोन वाजला. कोरीन.

"निघालास?"

"नाही अजून."

"का?"

मी अर्विनकडे पाहिलं. त्याने डोळे वटारले. मैदानावर किरोझ चेंडू तळहातावर चोळत उभा होता.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे सांगता येत नाही, कोरीन. नाही येत."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. तो 'बरं' माझ्या छातीत जाऊन बसला. ऑगस्टमध्येही ती अशीच गप्प होऊन गेली होती.

आठव्या डावातही एकही हिट नाही. शेवटचा चेंडू डाव्या बाजूला उंच गेला, आमचा तो दोघांपैकी हसणारा भिडू धावला, आणि पडता पडता त्याने पकडला. पंचवीस हजारांच्या स्टेडियममध्ये आम्ही सहा-सात हजारच असू, पण आवाज असा झाला की अर्विनच्या हातातला सॉसेज पडला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं. माझे डोळे भरले होते, आणि सत्त्याण्णव पराभवांनंतर ते भरतील असं मला वाटलं नव्हतं.

तीन वीसला नववा डाव सुरू व्हायचा होता, आणि बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर हात मोकळा करतात त्या आवाराचं, दार उघडलं. त्यातून दुसराच पिचर धावत बाहेर आला.

कुणाला काही कळेना. मग किरोझ बाकावर बसलेला दिसला, खांद्याला बर्फाची पिशवी बांधलेला. एक्क्याण्णव चेंडू टाकले होते त्याने. आजकाल हे चेंडू मोजतात. पोराचा हात म्हणजे मालकांचं भविष्य, आणि भविष्य घडवायचं तर ते नो-हिटरमध्ये कशाला झिजवायचं, असा तो विचार. आठ डाव त्या पोराने जीव ओतला होता, आणि हॉलंबेकने त्याला गणित दाखवून बसवलं.

"हरामखोर," अर्विन हळू म्हणाला. मग उभा राहून मोठ्याने म्हणाला. मग आम्ही सगळेच म्हणालो.

नव्या पिचरच्या दुसऱ्याच चेंडूला हिट बसली. त्याच्या पुढच्या बॅटरने चेंडू थेट स्टँडमध्ये मारला. एक-दोन. आमचे तिघे आले तसे गेले. अठ्ठ्याण्णव.

सामना संपला तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती. घरचा शेवटचा सामना झाला की इथे खेळाडू मैदानात येतात, टोप्या फेकतात, आणि मॅनेजर माइकवर प्रेक्षकांचे आभार मानतो. मी अर्विनचा दंड धरला आणि आम्ही पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेलो. हॉलंबेक आभार मानायला येणार होता, आणि तो तोंड उघडेल तेव्हा मला तिथे असायचं होतं.

कोरीनची आठवण नव्हती, असं नाही. घड्याळ मी बघितलं होतं, खोटं कशाला बोलू. पण डोक्यात तिडीक गेलेली. तिला 'सांगता येत नाही' म्हटलंय, ती तशीही फणफणलेली असणार, चारला तर आता पोचत नाहीच, गेली असेल. असं एकामागून एक मनाला पटवत मी तिथेच उभा राहिलो. हॉलंबेकने खूप वाट बघायला लावली. अखेर आला, माइक घेतला, आणि आम्ही त्याचा एक शब्द ऐकू दिला नाही. सहा-सात हजार माणसं. पाच मिनिटांत माइक ठेवून तो निघून गेला. मी घसा फाडून ओरडत होतो. यंदाच्या सीझनमध्ये तेवढंच एक काम मला नीट जमलं, असं वाटलं.

गाडीत बसलो तेव्हा चार वीस झाले होते. फोनवर कोरीनचे दोन न घेतलेले कॉल होते, तीन पन्नासचा आणि सव्वाचारचा. आरडाओरड्यात वाजलेले कळले नव्हते. तिला फोन केला नाही. समोर उभं राहून बोलायचं होतं ना!

पावणेपाचला तिच्या घरापाशी पोचलो. पडदे काढलेले होते, खिडक्या उघड्याबोडक्या, दारापुढे ट्रक नव्हता. मी गाडी बंद केली आणि बसून राहिलो. मग फोन लावला.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"हायवेवर. पंधरा मिनिटं झाली निघून." आवाजात राग नव्हता. दमलेला होता.

"कोरीन, तुला ते का सांगता येत नव्हतं माहितीये? तो किरोझ—"

"माहितीये, बाबा. तू 'सांगता येत नाही' म्हणालास तेव्हाच कळलं. जगात दुसरं काय आहे जे तुला सांगता येणार नाही? ट्रकमधला रेडिओ लावला. तो रेडिओवालाही शब्द काढत नव्हता, तेव्हा खात्रीच झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"वेडा आहेस का? आठवा डाव चालू होता. मी ट्रकमध्ये हलले नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही."

मी हसलो. तीही हसली असं वाटलं. अर्विनला सांगायला हवं, असाही विचार मनात आला.

"मग त्याला काढलं," ती म्हणाली. "मी स्टिअरिंगवर हात आपटला. आणि मग म्हटलं, चला, आता बाबा सुटला. आता त्याला अडवणारं काही नाही. तीन वीस झालेत, पावणेचारला दारात येईल. तुझ्यासाठी कॉफी ठेवली होती एका कपात, सगळी भांडी पॅक केल्यावर. चार वाजले. दोनदा फोन केला. साडेचारपर्यंत बसले." मध्ये ट्रकचा आवाज येत राहिला. "तू कुठे होतास?"

कुठलंही खोटं बोलता आलं असतं. गर्दी होती, पार्किंगमधून निघताच येईना, अर्विनचे गुडघे.

"मॅनेजरला शिव्या घालत होतो," मी म्हणालो.

"तासभर?"

"तासभर."

मी गाडीच्या काचेतून तिच्या मोकळ्या खिडक्यांकडे बघत होतो. ऑगस्टमधलं माझं बोलणं तिच्या मागे मैल न् मैल जात होतं, आणि ते परत घ्यायला मला तासभर मिळाला होता. तो मी हॉलंबेकला देऊन टाकला.

"कोरीन," मी म्हणालो, "मी तेव्हा जे बोललो, तुझ्या आईवरून—"

"थांब. हे सांगायलाच येणार होतास ना?"

"हो."

"समोर उभं राहून?"

"हो."

"मग समोरच सांग. फोनवर नको."

"तू तर चाललीस बॉइसीला. कधी सांगू?"

"सीझन संपला ना, बाबा? एप्रिलपर्यंत तुला दुसरं काम काय आहे?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.