कांदाचाळीतली तपासणी

नानासाहेबांच्या चाळीत त्या एप्रिलात कांदा यायचा होता, त्याआधी महाराज आले. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बांबूच्या पट्ट्या आणि मधल्या मोकळ्या जागेत सकाळी उन्हं चढायच्या आत कवडगव्हाणचं निम्मं गाव दाटलेलं. तोंडावरचे रुमाल गळ्यात उतरलेले, पोरं कडेवर, म्हाताऱ्या पट्ट्यांना टेकून बसलेल्या. कोरोनाची दुसरी लाट होती. देशभर माणसाला माणसापासून लांब उभं राहायला सांगत होते आणि इथं एकाचा घाम दुसऱ्याच्या सदऱ्याला लागत होता.

मध्ये पाटावर महाराज. त्यांच्यासमोर हळदीत भिजवून वाळवलेलं कापड, बाजूला तांब्याभर तीर्थ आणि लिंबांची टोपली. येणाऱ्यानं उजवा हात पुढे करायचा. महाराज तळव्यावर तीर्थ शिंपडत आणि तो कापडावर दाबत. कापड पिवळंच राहिलं तर माणूस निर्मळ. लाल झालं तर रोग बोलला. मग महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, त्या लाल डागावर लिंबू पिळत आणि डाग सगळ्यांच्या देखत विरघळून पुन्हा पिवळा होई. रोग उतरला. निर्मळ असो की रोग उतरलेला, दोघांनाही मनगटात पिवळा दोरा मिळे आणि दोरा असला की माणसाला कशाचंच भय नाही.

महाराजांची जीभही कमी नव्हती. "सरकारची तपासणी नाकातून जाते," ते म्हणत. "नाकात काय असतं? शेंबूड. तळहातात काय असतं? अख्खं नशीब. मग तपासायचं काय, तुम्हीच सांगा." गाव हसे. नानासाहेब मागं खुर्चीवर बसून तळहातावर तंबाखू मळत मान डोलावत.

चाळीबाहेर मंजुषा उभी होती. ती गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवायची. शाळा बंद असल्यामुळे तिला घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचं काम लागलं होतं. हे सगळं खोटं आहे, एवढं तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण लाल डाग तिनंही डोळ्यांनी पाहिला होता. खोटं असेल तर ते होतं कसं, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता येत नसेल तर गाव तिचं का ऐकेल?

शेजारच्या बन्सीचा हात तिच्यासमोरच लाल झाला होता. चार दिवस खोकत असलेला बन्सी आधी थिजला, मग लिंबू पिळल्यावर डाग जाताना पाहून रडला, आणि दोरा बांधून सरळ पारावर जाऊन बसला. ज्याला त्याला मनगट दाखवत होता. खोकताना तोंडासमोर धरायचा तो दोऱ्याचाच हात.

आणि मग सरिताचं झालं. सरिता गावची आशाताई, मंजुषाची जोडीदार. तिनं चाळीत जाऊन लोकांना सांगायचा प्रयत्न केला, की उद्या शाळेत तपासणीचं पथक येणार आहे, नाकातला नमुना द्या, पॉझिटिव्ह आलात तर वेगळे राहा. महाराज शांतपणे म्हणाले, आधी तुझा हात दाखव. सरितानं हात दिला. कापड कुंकवासारखं लाल झालं.

महाराजांनी हातातलं लिंबू टोपलीत परत ठेवलं. हा रोग लिंबाला ऐकायचा नाही, म्हणाले. ही बाई दारोदार फिरून तो वाटत असते.

त्या दुपारपासून सरिताला कुणी ओसरीवर चढू देईना. लोक तिला अंगणाच्या बाहेर थांबवत आणि आतून हात हलवून जायला सांगत. असं थांबणं तिच्या आजीनं आयुष्यभर भोगलं होतं, आईनं निम्मं. सरिताची समजूत होती की ते आता संपलं. ती मंजुषाला एवढंच म्हणाली, "मॅडम, मी उद्या शाळेतच बसते. गावात नाय फिरत."

हे एवढं सगळं मंजुषानं सहन केलं असतं. पण त्याच दिवशी महाराजांचा दोरा तिच्याच घरात आला.

तिची सासू वच्छलाबाई, जिला ती आत्या म्हणायची, दोन दिवस तापानं पडून होती. मंजुषा घरोघर फिरत असताना नवऱ्यानं, विश्वजीतनं, आईला टेम्पोत घालून चाळीत नेलं. कापड पिवळंच राहिलं. आत्या निर्मळ ठरल्या. घरी आल्या त्या दोरा मिरवत, आणि वेगळ्या खोलीतली आपली वाकळ उचलून पुन्हा माजघरात नातीच्या, संस्कृतीच्या, शेजारी टाकली.

मंजुषानं बोटाला यंत्र लावलं. आकडा नव्वदीपर्यंत खाली आलेला. तिनं तो नवऱ्याला दाखवला. विश्वजीत आकड्याकडं आणि आईच्या मनगटाकडं आळीपाळीनं बघत राहिला. हातात रिपोर्ट असला तर शहरात खाट मिळायला सोपं जाईल, उशीर झाला तर काही खरं नाही, हे तिनं परोपरीनं सांगितलं.

आत्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "बन्सीचा भाऊ गाडीत बसून गेला, तो परत आला का? तोंड तरी बघाया मिळालं का कुणाला? मला नाय जायचं. माझं कापड पिवळं हाय."

 बन्सीचा भाऊ गेल्या वर्षी खरंच परत आला नव्हता. गाव नाक द्यायला घाबरत होतं ते मूर्ख होतं म्हणून नव्हे. महाराजांनी त्या भीतीला फक्त मनगटावर बांधायला दोरा दिला होता.

दिवस मावळताना ती मोरीत आत्यांचं लुगडं धुवायला बसली. पदरावर चाळीतल्या तीर्थाबरोबर उतरलेला हळदीचा पिवळा डाग होता. तिनं त्याच्यावर साबणाची वडी घासली. डाग लाल झाला.

तिचा हात तसाच राहिला. लग्नातल्या हळदीचे कपडे तिनं किती वेळा धुतले होते. साबण लागला की हळद लाल होते, ही काय नवलाची गोष्ट? गावातल्या प्रत्येक बाईला ती ठाऊक होती. ठाऊक असून चाळीत उभं राहिल्यावर एकीलाही आठवली नव्हती. तिला स्वतःलाही नाही.

तिनं स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणली आणि लाल डागावर पिळली. डाग पिवळा झाला.

साबणानं लाल होतं ते कळलं. पण बन्सी? बन्सी काही साबणानं हात धुऊन गेला नव्हता. ती ओलं लुगडं घेऊन बाहेर आली तर ओट्यावर विश्वजीत बसला होता, डब्बीतून बोटावर चुना काढून तंबाखूत मळत. तिनं त्याचा हात धरला आणि अंगठा ओल्या पदराच्या पिवळ्या कडेवर दाबला. अंगठ्याएवढा लाल ठसा उमटला.

"मलाबी झाला व्हय?" तो दचकून म्हणाला.

"चुना झालाय तुम्हाला," मंजुषा म्हणाली.

मग तिनं त्याला सगळं एकेक करून सांगितलं. चुना काय, साबण काय, हळदीला लागले की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. बन्सीसकट गावातले तंबाखू मळणारे सगळे गडी लाल झाले होते. सरिता दर घरानंतर साबणानं हात धुते. उन्हाळ्यात तिला धुवायला पाणी मिळतं घोटभर, साबण पुरता निघतच नाही, म्हणून तीही लाल झाली. आणि आत्या दोन दिवस अंथरुणात. ना चुना, ना साबण. त्या पिवळ्या राहणारच होत्या, अंगात काहीही असो.

विश्वजीतचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला ते खरं होतं, की आईला हे पटवणं सोपं नाही. आणि तसंच झालं. आत्यांनी लाल झालेला पदर पाहिला आणि दम खात म्हणाल्या, "अगं, साबणानं हळद लाल व्हतीच. मला नको शिकवू. पर म्हाराजांच्या तिथं साबण कुठं व्हता?"

"सरिताच्या हातावर होता, आत्या."

आत्यांनी मनगटातला दोरा चाचपला. मग म्हणाल्या, "म्हाराजांचं कापड येगळं असंल."

"मग त्यांच्याच कापडावर बघू. पण मी सांगते तसा हात द्यायचा. लाल-पिवळं जे होईल ते तुमच्या डोळ्यांसमोर. नाही पटलं तर मी परत तपासणीचं नाव काढणार नाही."

तिनं हा शब्द दिला खरा, पण रात्रभर तिला धास्ती होती. कापड भलतंच निघालं तर? महाराजांनी काही वेगळं केलं तर? आत्यांचा श्वास माजघराच्या दारातून ऐकू येत होता, आणि संस्कृतीला तिनं हट्टानं आपल्या कुशीत ओढून घेतलं होतं.

सकाळी शाळेत पथकाची गाडी आली आणि मोकळ्या मैदानासमोर थांबून राहिली. गाव होतं चाळीत. विश्वजीतनं टेम्पो चाळीच्या तोंडाशी आणला. मागं आत्या, नाकातोंडावर घट्ट फडकं, उशाला टेकून बसलेल्या. निघण्याआधी मंजुषानं त्यांचा उजवा तळवा साबणाच्या फेसानं चोळून तसाच वाळू दिला होता. डाव्याला काहीच लावलं नव्हतं.

तिनं महाराजांना विनंती केली की आत्यांना उतरवत नाही, तुम्हीच कापड घेऊन या. मागं सगळं गाव वळून बघत होतं. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांनी टेम्पोपाशी येऊन तीर्थ शिंपडलं, उजवा हात दाबला. कापड लाल झालं.

लोकांत कुजबुज उठली. कालच तर निर्मळ होती. महाराज अजिबात गडबडले नाहीत. रात्रीत रोग शिरला, म्हणाले, सरकारी माणसं घरात असली की शिरणारच. त्यांनी लिंबासाठी हात मागं केला.

"थांबा," आत्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण चाळ शांत होती. त्यांनी डावा हात पुढे केला. "ह्योबी बघा."

महाराज म्हणाले डावा हात चालत नाही. कापड मात्र टेम्पोच्या फळीवरच पडलं होतं. आत्यांनी स्वतःच तांब्यातलं तीर्थ घेतलं आणि डावा तळवा लाल डागाच्या शेजारी टेकवला. उचलला तेव्हा खाली पिवळंच होतं.

आत्या कापडाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. "म्हाराज, मला उजव्या अंगालाच रोग झाला व्हय? डावं अंग काय माहेरी गेलंय?"

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. पण बायकांच्या बाजूनं हसू सुरू झालं आणि चाळभर गेलं. महाराजांनी इडा-पिंगळेचं काहीतरी सांगायला घेतलं, चंद्रनाडी, सूर्यनाडी. मंजुषा मध्येच नानासाहेबांकडं वळली.

"नाना, तुमची चुन्याची डब्बी द्या जरा."

नानासाहेब तिच्याकडं रागानं बघत होते. चाळ त्यांची, महाराज त्यांचे पाहुणे. पण गाव त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी डब्बी दिली नाही. उठून ते स्वतः टेम्पोपाशी आले, डब्बीतला चुना बोटावर घेतला आणि कापडाच्या कोऱ्या कोपऱ्यावर ओढला. लाल रेघ उमटली. त्यांनी महाराजांच्या टोपलीतलं लिंबू घेऊन त्या रेघेवर पिळलं. रेघ गेली.

नानासाहेबांनी मनगटातला दोरा तोडला.  चाळीतून बाहेर पडायची वाट त्यांनी हातानं दाखवली, आणि महाराजांना ती बरोबर कळली.

मग मंजुषा बोलली. वर्गात बोलायची तशी, एकेक शब्द सोडवून. ती म्हणाली, या कापडानं एकदाही खोटं सांगितलं नाही. तुमच्या हातावर काय आहे ते त्यानं सांगितलं. आपण त्याला छातीत काय आहे ते विचारत बसलो. छातीतलं कळायला नाकातलाच नमुना द्यावा लागतो. त्यात भीती आहे, मलाही आहे. पण पॉझिटिव्ह कळलं तर वेगळं राहून घरातली बाकीची वाचवता येतात, दम लागलेल्याला वेळेत नेता येतं. नाही कळलं तर आपणच रोग शेजारी नेऊन ठेवतो.

सगळे शाळेकडं गेले असं नाही. काही सरळ घरी गेले, दोरे मनगटातच ठेवून. पण आत्यांचा टेम्पो आधी निघाला आणि त्यामागं लोक निघाले. शाळेच्या दारात सरिता बसली होती. ती सवयीनं उठून लांब सरली. आत्यांनी तिला हाक मारली, "सरिता, लांब नको जाऊ गं. म्या पयल्यांदाच देतीय, धर मला." सरितानं हातमोजे घातले आणि त्यांचे खांदे धरले. पथकातल्या तरुणानं नाकात काडी घातली तेव्हा आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या हलल्या नाहीत.

अर्ध्या तासात निकाल लागला, आत्या पॉझिटिव्ह आल्या. दुपारच्या आत रुग्णवाहिका त्यांना शहरात, तेव्हाच्या औरंगाबादला, घेऊन गेली. संस्कृतीचा नमुनाही पॉझिटिव्ह निघाला, पण तिला नुसती कणकण येऊन गेली. बन्सीला त्याच संध्याकाळी घरातून उचलून गाडीत घालावं लागलं. त्याला दम लागून किती तास झाले होते ते घरच्यांनाही सांगता येईना, कारण दोरा बांधलेल्याला दम लागत नाही असं ते धरून चालले होते. तो वाटेतच गेला. पारावर त्याच्या शेजारी बसलेल्यांपैकी बरेच जण पुढं पॉझिटिव्ह आले. पण ते शाळेतल्या खोल्यांत वेगळे राहिले आणि त्यांच्या घरांपर्यंत रोग पोचला नाही.

आत्या परत आल्या. वाळून गेल्या होत्या, जिना चढताना अजून थांबतात. महाराज दुसरीकडं कुठं तरी पाट मांडून बसले असतील. कापडाऐवजी तिथं दुसरं काही असेल आणि दाटलेल्या लोकांत आपल्याच ओळखीचं कुणीतरी असेल. त्या लोकांना वेड्यात काढून उपयोग नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून एवढंच म्हणावं, की आपणही हे घरी करून बघू. आणि बघून होईपर्यंत, दम लागलेल्या माणसाला थांबवून ठेवू नये.