सातशे भाल्यांचा हुंकारा

कान उघडून ऐका बे. अन् गोष्ट पूर्ण होईस्तोवर कोनी 'हुं' म्हनायचं नाई. धम्मदीप, तुले खास सांगून राहिलो, तुले लय सवय हाये. हसू नको!

मूर्तिजापूरच्या आमच्या वावरात थे गोरखचिंचेचं झाड हाये ना, हत्तीवानी बुड असलेलं? जुन्या काळी हबशी लोकायनं बी आनलं म्हनतात. खोड आतून पोकळ, दोन जन आरामात बसतात. परवा भर दुपारी झेंडू तोडून तोडून आमची लहान बहीण आचल थकली, अन् सावलीले आत जाऊन बसली. मी फुलाचं पोतं बांधलं, हाका मारल्या. आली नाई. जवळ गेलो तं आतून नुसतं, "हुं... हुं... हुं..."

डोळे सताड उघडे. मले पायतच नोती! खोडाले कान लावला, तं आतमंदी एक म्हातारा बोलून राहिला. भाषा कोनती, देव जाने, पन मले सगळी समजली. आफ्रिकेतल्या एका राणीच्या पदरी गोष्टी सांगनारा होता थो. तिकडं अशा मानसाले मातीत पुरत नाईत म्हने, या झाडाच्या पोटात ठेवतात. याले गुलाम करून समुद्रापार आनलं, इथंच मेला, तं सोबत्यायनं या झाडात ठेवला.

त्याची राणी यासेदा. नद्या पिनारा अजगर तिच्या देशावर आला, तवा तिचे सातशे घोडेस्वार त्याच्या जबड्यात भाले रोवून उभे राहिले. अजून उभेच हायेत! "ऐकनारा हुं म्हनते तवर भाले उभे," म्हातारा म्हने. "हुं थांबला, की जबडा मिटला."

आता सांगा, आपल्याकडं कोनी गोष्ट सांगे तं हुंकारा देल्याशिवाय राहवते का? आईनंच शिकवलं, हुं नाई म्हटलं तं गोष्ट रुसते. पोरगी सवयीनं म्हनून बसली.

ओढली, हालली नाई. ओठ फाटले होते तिचे. मंग मीच म्हटलं, "हुं." तशी तिची मान पडली. "दादा, पानी दे."

पन म्हातारा माह्या कानात बसला ना! आचलले घेऊन मूर्तिजापूरहून इथं शहरात, राजापेठेत आलो, तरी बोलूनच राहिला. मी मधात मधात घसा खाकरतो असं वाटते ना तुमाले? खाकरत नाई बे मी.

विपुल, ऊन नाई लागलं मले. दोन दिवस झोपलो नाई. काल बसमंदी मिनिटभर डोळा लागला. जागा झालो तं बाजूच्या शिटवर आचल, डोळे सताड, "हुं... हुं..." मी झोपलो की थो म्हातारा तिलेच धरते. पुन्हा मी म्हटलं, तवा सुटली.

म्हनून बलावलं तुमाले. वावरात पान्याची पाळी लावतो ना, तशी लावू. तीन-तीन तास. विपुल, पयली तुही?

आता चप्पल काहून शोधून राहिला?

धम्मदीप, एरवी तं मास्तरच्या शिव्यायले बी हुं म्हनतं तू. आता खाली काहून पायतं? म्हना ना रे कोनी. माह्या डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली...

थांबा. सैपाकघरात आचलच्या कपबश्या वाजायच्या बंद झाल्या.

आचल? तू नको म्हनू ना वं. मी जागाच हावो, पाय, मी जागाच—

"हुं."