पलंगाच्या कडेचं पाणी

त्याने वडिलांचा पलंग गच्चीच्या दरवाज्यापासून मागे ओढला आणि वाकून फरशीला हात लावला. हात ओला झाला. तो पँटला पुसून त्याने पुन्हा लावला, पुन्हा ओला.

वडिलांना वृद्धाश्रमात सोडून आठवडा होऊन गेला होता. तेव्हापासून ही खोली बंदच होती. आज सुट्टी साधून ती रिकामी करायची आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल इथे लावायचं, असं ठरलं होतं. टेबल बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभंही होतं.

“अहो, फिनेल आणू का?” बायकोने दारातूनच विचारलं. तिला सवयच लागली होती. मग तिची तिलाच काहीतरी चूक लक्षात आली आणि ती उंबऱ्यावर थांबली.

“इथे कोण झोपलं होतं आठवडाभर?” तो म्हणाला.

रात्री पाऊस झाला होता. गच्चीकडचा काचेचा सरकता दरवाजा घट्ट लावलेला होता, पण त्याच्या खालच्या रुळात पाणी काठोकाठ साचलं होतं आणि आतल्या बाजूने निवांत फरशीवर उतरत होतं. बरोबर पलंगाच्या कडेला.

तापातून उठल्यावर वडिलांचं एकदा अंथरूण ओलं झालं होतं. ते खरंच झालं होतं. त्यानंतर त्या खोलीत जे जे ओलं दिसलं ते त्यांच्या नावावर जमा झालं. चादर कोरडी आणि पायपुसणं चिंब, हे दोघांनीही पाहिलं होतं. म्हातारा झोपेत उठतो आणि दरवाज्याशी जाऊन करतो, असा अर्थ लावून दोघं मोकळे झाले. पायपुसण्याला कुबट वास यायचा, तोही सोयीचाच पडला. वडील सुरुवातीला म्हणायचे, “अरे, मला काही आठवतच नाही.” पुढे तेही म्हणेनासे झाले. सून बादली घेऊन आली की भिंतीकडे तोंड करून बसायचे.

तो गच्चीत जाऊन गुडघ्यांवर बसला. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला रुळातलं पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात. ती पांढऱ्या सिलिकॉनने बुजलेली होती. कोणी बुजवली, हे त्याला विचारावं लागलं नाही. गेल्या वर्षी तिथून मुंग्या येत होत्या. त्याने स्वतः ट्यूब आणून एकेक भोक भरलं होतं आणि वर सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. “झकास!” वडील म्हणाले होते. “हात बसलाय तुझा.”

त्याने स्क्रू ड्रायव्हर खुपसला. पाणी भळाभळा बाहेर आलं आणि बघता बघता रूळ रिकामा झाला. एवढंच काम होतं. त्याला स्वतःची किळस आली.

“मला काय स्वप्न पडलं होतं?” बायको म्हणाली.

“मी कुठे काय म्हटलं?”

“आता आपल्याला झेपणार नाही, असं तुम्हीच म्हणालात.”

“हो. मीच म्हणालो.”

ती उंबरा ओलांडून गच्चीच्या दरवाज्यापर्यंत आली. मग म्हणाली, “फोन करा त्यांना. न्यायला येतो म्हणून सांगा.” पॅसेजकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला. “पुढच्या महिन्यात वगैरे म्हणा. पोरीची परीक्षा होऊ दे.”

त्याने फोन लावला. पलीकडून वडिलांचा आवाज चांगलाच खुशीत होता.

“बोल रे!”

“बाबा, तो आपला गच्चीचा दरवाजा...”

“थांब, आधी माझं ऐक. इथे आल्यापासून एकदाही झालं नाही. एकदाही! सूनबाईला मुद्दाम सांग. दुपारच्या चहानंतर मी पाण्याला शिवतच नाही. घसा पडतो जरा कोरडा, रात्री झोप लागत नाही, पण सकाळी फरशी बघावी तर खडखडीत! तिथेच सुचायला हवं होतं रे मला. तुमचे किती हाल केले मी.”

त्याने बायकोकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती वाकली आणि कोरड्या फडक्याने फरशी पुसू लागली.

“तू काहीतरी सांगत होतास,” वडील म्हणाले. “दरवाज्याचं.”

“काही नाही,” तो म्हणाला. “बरं केलंत, बाबा.”